अलाबामाच्या संविधानाची आवराआवर: खरी सुधारणा की वरवरची झाडलोट?

हंट्सव्हिलवासी:
नोव्हेंबर 2022 मध्ये आम्ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या मतदारांनी राज्याचं संविधान नव्याने लावून घेतलं. सुमारे 76 टक्के मतं बाजूने पडली. आधीचं 1901 चं संविधान पावणेचार लाखांहून जास्त शब्दांचं, साडेनऊशेवर दुरुस्त्यांचं. आपल्याकडे भारतात दुरुस्ती त्या त्या कलमात बसवतात, म्हणून शिक्षणाचा हक्क 21अ मध्ये लगेच सापडतो. इथे प्रत्येक दुरुस्ती नंबर टाकून शेवटी जोडत गेले. मूळ कलम वाचायचं आणि पुढे ते कुठे बदललंय का, हे शोधत बसायचं. त्यातही बहुतेक दुरुस्त्या एकेका काउंटीपुरत्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). लाइमस्टोन काउंटीत मेलेल्या जनावरांची विल्हेवाट कशी लावायची, यासाठीसुद्धा संविधानदुरुस्ती आहे! आता त्या काउंटीवार लावल्या, दुबार मजकूर काढला, वर्णभेदी शब्द काढले. माझ्या मते हे फार मोलाचं काम झालं.

काळी_माती:
साफ असहमत. लाइमस्टोनचं उदाहरण दिलंत, पण त्यामागच्या कारणाला हात लावला नाहीत. जनावरांसाठी संविधान बदलावं लागतं, कारण काउंटीच्या हातात स्वतःचे अधिकार फारसे नाहीतच. 1901 मध्ये संविधान लिहायला माँटगोमेरीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, जमलेल्यांनी ते मुद्दाम राजधानीच्याच हातात ठेवले. गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचं आहे, असं त्या सभेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी तिथेच उघड सांगितलं होतं. मतदानाचा कर, साक्षरतेची अट, मालमत्तेची अट लावून लाखाहून जास्त कृष्णवर्णीय मतदार दोन-तीन वर्षांत जेमतेम तीन हजारांवर आणले. 2022 मध्ये त्यांचे शब्द गेले, त्यांनी मांडलेली सत्तेची रचना राहिली. लोकांना वाटतं काम झालं, आणि खऱ्या बदलाची मागणी थंडावते.

हंट्सव्हिलवासी:
रचना बदलायची मुभाच नव्हती. 2020 मध्ये मतदारांनी विधिमंडळाला दिलेला अधिकार मर्यादित होता: वर्णभेदी भाषा काढा, दुबार आणि रद्द झालेलं काढा, आर्थिक विकासाच्या तरतुदी एकत्र करा, स्थानिक दुरुस्त्या काउंटीवार लावा. त्यापलीकडे गेले असते तर मतदारांचा विश्वासघात झाला असता.

वकिली_चष्मा:
मागचं थोडं सांगतो, कारण 'नुसते शब्द काढले' म्हणणं सोपं आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याचं कलम काढायचा प्रस्ताव 2004 मध्ये दोन हजारांहून कमी मतांनी पडला. त्यात 1956 ची एक ओळही जाणार होती: सरकारी खर्चाने शिक्षण हा हक्क नाही. ती गेली तर शिक्षण हक्क ठरेल आणि शाळांच्या खर्चासाठी न्यायालयं कर वाढवायला लावतील, अशी भीती विरोधकांनी घातली. मग 2012 च्या प्रस्तावात ती ओळ तशीच ठेवली. या वेळी शिक्षक संघटना आणि अनेक कृष्णवर्णीय नेतेच विरोधात गेले: वेगळ्या शाळांचे शब्द पुसायच्या नावाखाली ही ओळ आम्हाला नव्याने मंजूर करायला लावू नका. तोही पडला. एवढ्या इतिहासानंतर 2022 चं मतदान किरकोळ कसं म्हणायचं?

जुनी_पाने:
मला वेगळीच काळजी आहे. ते शब्द छापील संविधानातून गेले की पुढच्या पिढीला दाखवणार काय? भारतात 1978 मध्ये मालमत्तेच्या हक्काचं कलम 31 काढलं, पण तो क्रमांक आणि 'निरसित' (म्हणजे रद्द) ही नोंद आजही जागेवर आहे. इथेही तशी नोंद हवी.

काळी_माती:
जुनी_पाने यांच्याशी सहमत. वकीलसाहेब, 2012 चा तुमचा दाखला माझीच बाजू मांडतो. शब्द जातात, हक्क मिळत नाही, हे तेव्हाच्या विरोधकांनी बरोबर ओळखलं होतं.

वकिली_चष्मा:
नेहमी नाही. जुन्या संविधानात गुलामगिरीला बंदी होती, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाची सवलत ठेवली होती. 2022 मध्ये ती सवलत गेली. 2024 मध्ये अलाबामाच्या कैद्यांनी तुरुंगातल्या सक्तीच्या कामाविरुद्ध दावा लावला, तो याच बदललेल्या कलमावर. ती ओळ निघाली नसती तर हा मुद्दा मांडायला जागाच नव्हती.

काळी_माती:
हा मुद्दा मान्य, आणि त्यासाठी ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार. पण दावा कैद्यांना लावावा लागला. राज्याने आपणहून काम थांबवलं नाही. काउंटींना अधिकार द्यायची दुरुस्ती मतदानाला आणा, मी घरोघरी फिरेन.