मदत हवी आहे: काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर, अमेरिकन रेल्वेकडून भरपाई कशी मागायची?

मृणाल_प
घाईत लिहितेय. काका अमेरिकेत एका मालवाहू रेल्वे कंपनीच्या डिझेल शॉपमध्ये (इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये) होते. फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. वर्कर्स कॉम्पच्या (कामावरच्या इजेची भरपाई देणाऱ्या राज्याच्या व्यवस्थेच्या) ऑफिसला फोन केला तर "रेल्वेवाले आमच्यात येत नाहीत" म्हणून मोकळे झाले. आता कंपनीच्या क्लेम्स खात्यातला माणूस गुरुवारी घरी येऊन काकांचं म्हणणं रेकॉर्ड करणार म्हणतोय. फॉर्म कुठला भरायचा आणि साधारण किती मिळतात? लांबण न लावता सांगा प्लीज.

सांधेवाला
गुरुवारची भेट आधी रद्द करा. स्टेटमेंट द्यायची सक्ती नाही. त्या माणसाला मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात: सिगारेट किती ओढली, त्रास कधीपासून, आणि "हे कामामुळे असेल असं पहिल्यांदा कधी वाटलं". तिसऱ्याला काका सहज "शंका तर कधीचीच होती" बोलून गेले की मुदतीचा वाद उभा राहिलाच.

फॉर्म नसतो. आंतरराज्य रेल्वेच्या कामगारांना राज्याचं वर्कर्स कॉम्प लागू नाही. त्यांच्यासाठी १९०८ चा फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट, म्हणजे फेला. हा सरळ दिवाणी दावा आहे आणि कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मुदत तीन वर्षं. निदान कोणत्या तारखेचं? काका फिटर, इलेक्ट्रिशियन की कारमन (डबे दुरुस्त करणारे)? सिगारेट? सोडताना कशावर सही केली? राज्य कुठलं?

डेट्रॉइटकर_अण्णा
कोर्टकचेरी कशाला? ॲस्बेस्टॉस ट्रस्टकडे अर्ज करा. जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीने १९८२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यातून आजारी लोकांना भरपाई देणारा ट्रस्ट निघाला. असे डझनावारी आहेत. कामाचा पुरावा आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट जोडला की पैसे येतात.

सांधेवाला
अण्णा, येतात, पण बहुतेक ट्रस्ट मंजूर रकमेचा काही टक्केच भाग देतात. शिवाय आधी ॲस्बेस्टॉसचा संबंध दिसला पाहिजे. इथे अजून कारण डिझेलचा धूर की ॲस्बेस्टॉस हेच ठरलेलं नाही.

आरोग्यधन
कॅन्सरमध्ये साखर पूर्ण बंद करावी. रोज सकाळी गव्हांकुराचा रस.

मृणाल_प
@आरोग्यधन, हे विचारलं नव्हतं.
काका मशिनिस्ट, १९७५ ते २००९. शॉप पेनसिल्वेनियात, आता राहतात ओहायोत. सिगारेट होती, १९९० च्या सुमारास सोडली. सही एकच आठवते, निवृत्तीच्या आधी कानाच्या बहिरेपणाचे थोडे पैसे मिळाले तेव्हाची. निदान मागच्या वर्षी.

लोको_शेड
"मागच्या वर्षी" चालणार नाही, तारीख हवी. बायोप्सीच्या रिपोर्टवरची, आणि डॉक्टरांच्या नोंदीत कामाचा उल्लेख पहिल्यांदा ज्या दिवशी आला तीसुद्धा. घड्याळ कधी सुरू होतं ते आजार आणि त्याचं कारण कळल्यावर, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून. १९४९ च्या युरी विरुद्ध थॉम्पसन खटल्यात, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) झालेल्या रेल्वे इंजिनावरच्या फायरमनच्या बाबतीत, सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं. तरी सावध वकील निदानाच्याच तारखेपासून तीन वर्षं मोजतो.

आता कानाची सही. तो रिलीजचा (पुढे दावा न करण्याचा) कागद शोधाच. अशा कागदात "ज्ञात-अज्ञात सर्व आजार, कॅन्सरसह" असं वाक्य घुसडलेलं असतं. फेलाचं कलम ५५ जबाबदारी टाळणारे करार रद्द ठरवतं, पण वाद मिटवताना केलेली तडजोड चालते. सहावं सर्किट (फेडरल अपील कोर्ट, ओहायो त्यात येतं) १९९७ च्या बॅबिट निकालात म्हणतं, रिलीज ठरावीक, माहीत असलेल्या दुखापतीपुरताच. तिसरं सर्किट (पेनसिल्वेनिया) १९९८ च्या विकर निकालात म्हणतं, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या धोक्यासाठीही देता येतो, पण धोका खरोखर ठाऊक होता हे दिसलं पाहिजे. म्हणजे एकाच कागदाचं वजन नदीच्या दोन काठांवर वेगळं.

डेट्रॉइटकर_अण्णा
मग दावा ओहायोत टाका, झालं!

सांधेवाला
राहतो त्या राज्यात टाकता येईलच असं नाही. २०१७ च्या बीएनएसएफ विरुद्ध टायरेल निकालानंतर कंपनी जिथे मुळात स्थापन झालेली, जिथे तिचं मुख्यालय, किंवा जिथे इजा झाली ते राज्य धरावं लागतं. काकांची इजा पेनसिल्वेनियाची. तिथे कंपनी राज्यात व्यवसायासाठी नोंदलेली असली तरी दावा चालतो, हे २०२३ च्या मॅलरी निकालात टिकलं. राज्याच्या कोर्टात दाखल केलेला फेला दावा कंपनीला फेडरल कोर्टात ओढून नेता येत नाही, तेव्हा पहिली निवड तुमच्या हातात. ती घाईत वाया घालवू नका.

पुणेरी_पंच
आमच्याकडे असतं तर कामगार आयुक्तांकडे हेलपाटे आणि साहेब जेवायला गेलेले. तिकडे तरी बरं आहे. टीव्हीवर ते कॅम्प लेजूनच्या पाण्याचं दाखवतात, त्यात बसेल का?

लोको_शेड
नाही. तो नॉर्थ कॅरोलायनातला मरीन कोअरचा (अमेरिकन नौसैनिकांचा) तळ, ते दावे तिथल्या दूषित पाण्याचे. वेगळा कायदा, आणि त्याची दावा करायची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली.

गौरी_इंड_हायजिन
धुराच्या बाबतीत दावे कुठे कोसळतात ते सांगते. "डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो" एवढ्यावर तज्ज्ञाची साक्ष टिकत नाही. त्याला मात्रा लागते. काकांकडून लिहून घ्या: शॉपमध्ये एका वेळी किती इंजिनं चालू असायची, हिवाळ्यात दारं बंद असायची का, छतावरचे पंखे होते का आणि चालायचे का, लोड टेस्ट (इंजिन जागेवर भार देऊन चालवून पाहणं) आत व्हायची की बाहेर. आठव्या नॉचवर (इंजिन पूर्ण जोरात) लोड टेस्ट बंद शेडमध्ये झाली असेल तर ती ठळक लिहा. पाळी कोणती, मास्क दिला का, तक्रार केली तर कोणाकडे. त्याच पाळीच्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावं.

दुसरं, सगळे २०१२ मधल्या आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) "गट १" वर, म्हणजे डिझेलचा धूर नक्की कर्करोगकारक या निर्णयावर, बोट ठेवतात. काका २००९ ला निवृत्त झाले, मग कंपनीचा वकील म्हणणार, आम्हाला तेव्हा काय माहीत? त्यासाठी जुने दाखले लागतात. १९८८ मध्ये नायॉशने (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने) डिझेलचा धूर संभाव्य कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. २००४ मध्ये सुमारे ५५,००० रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ चा अभ्यास छापून आला, त्यात गाडीवरच्या लोकांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ४० टक्क्यांनी जास्त होते. पण तो आकडा गाडीवरच्या लोकांचा आहे. शॉपमधल्या माणसाला तो जसाच्या तसा लावलात तर उलटतपासणीत फजिती.

डेट्रॉइटकर_अण्णा
आणि ॲस्बेस्टॉस? मशिनिस्ट म्हणजे ब्रेक शूज, गॅस्केट्स, पाइपांचं लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण), सगळ्यात ॲस्बेस्टॉस. मी ट्रस्ट उगाच म्हणत नव्हतो.

गौरी_इंड_हायजिन
ते मान्य, अण्णा. सीटी स्कॅनमध्ये प्लुरल प्लाक (फुफ्फुसाच्या आवरणावरचे जाड चट्टे) आहेत का, ते रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. असले तर ॲस्बेस्टॉसशी संपर्क झाल्याचा तो भक्कम पुरावा. हॉस्पिटलला लेखी कळवा की बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) नष्ट करू नका. सिगारेटमुळे दावा बुडत नाही, रक्कम घटू शकते. कंपनीच्या चुकीने आजाराला थोडा जरी हातभार लावला असला तरी पुरतं, हे २०११ च्या मॅकब्राइड निकालात पुन्हा सांगितलंय. पण सिगारेट लपवली आणि जुन्या केसपेपरात सापडली, तर मात्र ज्युरी बाकीचंही मानत नाही.

सांधेवाला
फक्त एक, अण्णा: इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्यांवर राज्याच्या कायद्याखाली दावा टाकायला कोणी सुचवलं तर २०१२ च्या कर्न्स निकालाने तो रस्ता बहुतांशी बंद केलाय. रेल्वेवरचा फेला त्याने अडत नाही.

मृणाल_प
आता आठवलं, काका अमेरिकेला जायच्या आधी मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये बॉयलरवर होते. हे सांगायचं की नाही?

लोको_शेड
सांगायचं, आणि वकिलाला पहिल्याच फोनवर. वाफेच्या बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असायचं, तेव्हा समोरचा वकील ते काढणारच. पण २००३ च्या एअर्स निकालानुसार रेल्वेच्या निष्काळजीपणाने इजेला हातभार लावला असेल तर कामगार सगळी भरपाई त्याच रेल्वेकडून मागू शकतो. बाकीच्यांकडून वाटा वसूल करायचा तो रेल्वेने करावा.

कंपनी बदलली का तेही पाहा. पूर्वेकडचं नेहमीचं उदाहरण: कॉनरेल १ एप्रिल १९७६ ला सुरू झाली, त्याआधीच्या पेन सेंट्रलच्या काळासाठी प्रतिवादी वेगळा. १९९९ मध्ये कॉनरेलचाही बराचसा भाग दोन कंपन्यांत वाटला गेला. १९७५ पासूनचा कामगार म्हणजे असं काही निघू शकतं.

पुणेरी_पंच
किती मिळतात ते कोणी सांगितलंच नाही.

सांधेवाला
दरपत्रक नसतं. औषधोपचार, वेदना, बुडालेली कमाई यांवर ज्युरी ठरवते, नाहीतर तडजोड. वकिलाची फी साधारण एक तृतीयांश, पण तज्ज्ञांचा खर्च फीच्या आधी वजा होणार की नंतर ते करारात वाचा, हातात येणारी रक्कम तिथेच बदलते. युनियनने नेमून दिलेले वकील असतात, काकांच्या जुन्या लोकलला (युनियनच्या शाखेला) विचारा. मेडिकेअरने (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने) उपचाराला दिलेले पैसे तडजोडीतून परत मागितले जातात. रेल्वे पेन्शनला मात्र यामुळे धक्का नाही.

आणि काका बोलू शकतात तोवर वकिलाला व्हिडिओ जबानी लवकर लावायला सांगा.

मृणाल_प
बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला, १४ मार्च. कामाचा उल्लेख ऑन्कॉलॉजिस्टच्या जूनच्या नोंदीत आहे. गुरुवारची भेट रद्द केली, आता तो माणूस "निदान एक सही तरी" म्हणतोय. रेल्वे रिटायरमेंट बोर्डाकडून (रेल्वेवाल्यांची पेन्शन देणाऱ्या सरकारी खात्याकडून) कामाचा पुरावा म्हणून नेमकं काय मागवू?

लोको_शेड
कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही नाही, मेडिकल रेकॉर्ड द्यायला परवानगी देणाऱ्या फॉर्मवरही नाही. बोर्डाकडून संपूर्ण सेवा आणि कमाईची नोंद मागवा, महिन्यांसकट आणि प्रत्येक मालकाच्या नावासह. बीए-६ हा त्याचा वार्षिक तक्ता, घरात जुने असतील तर तेही काढा. बोर्डाच्या अर्जावर मात्र काकांची स्वतःची सही लागेल, तुमची चालणार नाही.