अनुभव धागा : डॉली पार्टन आणि त्यांची स्वतंत्र वाट

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील स्मोकी पर्वतराजीच्या कुशीत, एका खोलीच्या लाकडी घरात १९ जानेवारी १९४६ रोजी डॉली पार्टन यांचा जन्म झाला. बारा भावंडांतले हे चौथे अपत्य. डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचे पोते दिले. तिथून कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गायनप्रकारात, स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या या गायिकेशी आपले काही नाते जुळले असेल, तर अवश्य लिहावे.

अटलांटाहून :
डॉलीवुडमध्ये, म्हणजे टेनेसीतील डॉलींच्या नावाच्या मनोरंजन उद्यानात, त्या घराची प्रतिकृती आहे. भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रे पाहून सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या मांडणीवरही असाच कागद असायचा, काठाला कात्रीने नक्षी कापायची आणि दिवाळीला बदलायचा." इंग्रजी गाणी त्या कधी ऐकत नाहीत, पण त्या खोलीतून त्यांचा पाय निघेना.

नागपूरहून :
मी एका वाद्यवृंदात सात वर्षे गायलो. ज्यांनी मला उभे केले, त्यांच्यापासून वेगळे होताना समोर जाण्याचे धैर्य झाले नाही. मी निरोप धाडला आणि संबंध तुटला. त्यामुळे डॉलींची हकीकत मला फार जवळची वाटते. १९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांनी त्यांना आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घेतले, नाव मिळवून दिले. मात्र वेगळे होण्याची गोष्ट ते ऐकूनच घेईनात. तेव्हा डॉलींनी 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणे लिहिले आणि त्यांच्यासमोर बसून गायले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. १९७४ मध्ये डॉली बाहेर पडल्या, तरी त्या गाण्यात तक्रारीचा एक शब्द नाही. पुढे एल्विस प्रेस्ली यांना ते गायचे होते. एल्विस यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्कांचा अर्धा वाटा मागताच डॉलींनी नकार दिला आणि रात्रभर रडल्या. मला विचाराल तर त्यांचे खरे स्वातंत्र्य या नकारात आहे, कारण १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांच्या आवाजात ते जगभर गाजले, तेव्हा हक्क डॉलींकडेच होते.

नॉक्सव्हिलहून :
डॉलींच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. वडिलांवरून प्रेरणा घेऊन डॉलींनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून माझ्या लेकीला पाच वर्षांची होईपर्यंत दरमहा टपालाने विनामूल्य पुस्तक येत असे. वेष्टनावर तिचे नाव छापलेले असे. वाचता येण्याआधी ती त्यावर बोट फिरवून "माझं" म्हणायची.