बंदरावरच्या जुन्या खानावळीचा इतिहास: कीर्दी मोडीत आहेत, सुरुवात कुठून?

खाडीकाठ:
देवगड तालुक्यात एका बंदरावर आगबोटीच्या उतारूंसाठी खानावळ चालायची. चिऱ्याची इमारत अजून उभी आहे. वारसांकडे चार कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आहेत, मोडी लिपीत, पानं चिकटलेली. एकीवर फक्त ‘शके १८६२’. ऐंशीच्या पुढची पाच-सहा माणसं गावात आहेत. स्मरणिकेसाठी लिहायचंय. आधी कशाला हात घालू?

पडाव:
आधी माणसं. कीर्दी कुठे पळून जात नाहीत.

‘कुठल्या साली?’ हा प्रश्न टाळा, उत्तर हमखास चुकतं. जेवण आण्यांत होतं की नव्या पैशांत, एवढं विचारा. १ एप्रिल १९५७ च्या अलीकडचं की पलीकडचं, लगेच कळतं. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) हीसुद्धा पक्की खूण. ‘बोट बुडाली तेव्हा’ मात्र जपून घ्या. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, रेवसच्या वाटेवर. जयंती आणि तुकाराम १९२७ मध्ये. बोलताना या सरमिसळ होतात.

बोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारू पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्याला. तेव्हा पडाववाल्यांच्या घरीही जा. खानावळीत कोण उतरायचं ते मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

मोडीवाचक:
चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या, मग हाडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्टीने कडेपासून सोडवा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. मऊ पेन्सिलीने पान क्रमांक टाका, फोटो घ्या, मग वाचा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक १८६२ म्हणजे सरसकट १९४० नव्हे. कीर्द दिवाळी पाडव्याला उघडली असेल तर पहिली पानं १९४० ची. जानेवारीपासून ७९ मिळवायचे, म्हणजे १९४१. आणि गुढीपाडव्यानंतर शकच १८६३ होतो, तिथे पुन्हा ७८. वरचं साल पाहून अख्खी वही १९४० ची धरणारे खूप.

दुसरी फसगत आकड्यांत. ‘१।’ हे अकरा नाहीत, सव्वा रुपया आहे. उभी रेघ चार आणे, दोन रेघा आठ, तीन बारा. त्यापुढच्या छोट्या तिरक्या रेघा म्हणजे एकेक आणा.

चिरेखाण:
इमारतीचं वय कौलांवरून ठरवू नका. मंगलोरी कौलाच्या पोटाशी कारखान्याचं नाव असतं खरं, पण त्यावरून छपराचा काळ कळतो, भिंतींचा नाही. बासेल मिशनचा मंगळुरातला कारखानाच १८६५ चा. त्याआधीच्या घरांवर नळे (अर्धगोल गावठी कौलं) किंवा शाकार (गवताचं छप्पर) असायचा आणि कौलं मागाहून चढायची. भिंतीसाठी दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, बघा: चुना की सिमेंट? वरचा गिलावा फसवतो, मागच्या पडवीत किंवा माडीच्या जिन्याखाली उघडा चिरा सापडतो.

तलाठ्याकडे जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागा, ग्रामपंचायतीत नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची नोंदवही). सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा, त्यामुळे आधीच्या कागदांवर रत्नागिरी जिल्हा दिसेल. गोंधळू नका.

खाडीकाठ:
आभार. एका कीर्दीत आषाढ-श्रावणाच्या नोंदीच नाहीत. पानं फाडली असतील का?

मोडीवाचक:
शिवण तपासा. दोरा घट्ट आणि शेजारच्या बेरजा जुळत असतील तर काही फाडलेलं नाही. पावसाळ्यात बोटी बंद, गिऱ्हाईक कुठून येणार? उलट चारही कीर्दींतली अशी रिकामी जागा मांडून बघा, बोटी कधी बंद झाल्या आणि कधी परत सुरू झाल्या याचा अंदाज त्या-त्या वर्षाचा मिळेल.