फेशियलआधी त्वचा नक्की कशी बघायची?

शिकाऊ_पार्लरवाली
कोर्स नुकताच संपलाय, आता एका ताईंच्या हाताखाली काम करतेय. नॉर्मल, ड्राय, ऑइली, कॉम्बिनेशन, सेन्सिटिव्ह हा तक्ता तोंडपाठ आहे, पण खुर्चीवर बसलेली बाई त्या तक्त्यात काही बसत नाही. कालच्या एकीचं कपाळ आणि नाक चकचकीत, गाल मात्र ओढल्यासारखे. वर ती म्हणते, "माझी ऑइलीच आहे, ऑइलीचंच फेशियल कर." तुम्ही आधी काय बघता, काय विचारता? बारीकसारीक असलं तरी सांगा.

बडबडी
टिश्यू पेपर दाबायचा. तेल कुठे उमटतंय ते बघायचं. झालं काम.

कापूस_आणि_टोनर
बडबडी, बाई दारातून आल्या आल्या टिश्यू दाबलास तर त्यावर सनस्क्रीन आणि घामच उमटणार. क्लीन्झिंगनंतर लगेच दाबलास तर तो कोराच निघणार. तोंड धुतल्यावर निदान अर्धा तास काही न लावता बसवायला हवं, आणि तेवढा वेळ पार्लरमध्ये कोणाला असतो? म्हणून मी विचारते, "घरी तोंड धुवून काहीच लावलं नाही तर थोड्या वेळाने कसं वाटतं?" बहुतेक जणी बरोबर सांगतात.

शिकाऊ, तुझी कालची बाई मला तेलकट पण पाणी कमी असलेली वाटते. ड्राय म्हणजे तेल कमी, डीहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी, आणि तेलकट त्वचेतही पाणी कमी असू शकतं. गाल बोटाने हलकेच वर सरकवून बघ. बारीक, कागदासारख्या रेघांची जाळी उमटली तर पाणी कमी. अशा त्वचेला तेल काढणारं कडक काही लावलंस तर गाल आणखी ओढतील.

लॅम्प तोंडावर सरळ मारू नकोस, सगळं सपाट दिसतं. बाजूने तिरका धर. हनुवटीवरचे आणि कपाळावरचे बंद कॉमेडोन, तोंड नसलेले बारीक दाणे, तेव्हाच दिसतात. मग बोटांची मागची बाजू गालावर टेकव. एखादी जागा गरम लागली, लाली पसरलेली असली, नाकाच्या कडेला लाल शिरा दिसल्या, तर स्टीम आणि स्क्रब दोन्ही बंद.

आता खरी गोष्ट. "काही औषध चालू आहे का?" असं विचारशील तर उत्तर "नाही" येणार. क्रीमला कोणी औषध समजतच नाही. "रात्री झोपताना चेहऱ्याला काय लावता? ट्यूबचा फोटो आहे का?" असं विचार. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल होते, गालावर लव वाढते, साध्या पाण्यानेही चुरचुरतं. अशा चेहऱ्याला मी हात लावत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवते. आणि "आजपासून क्रीम बंद करा" असंही आपण सांगायचं नाही. एकदम सोडलं की चेहरा उसळून येतो.

अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन (मुरुमांवरची क्रीम) लावत असेल तर पील, म्हणजे वरचा थर सोलवणारं लोशन, नको, वरच्या ओठाचं वॅक्सही नको. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठच चुगली करतात: कोरडे, कोपऱ्यात सालं निघालेली, लिप बाम सतत हातात. तिथेही वॅक्स आणि पील डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पेसमेकर असेल तर गॅल्व्हॅनिक मशीन, म्हणजे चेहऱ्यावर हलका विजेचा प्रवाह सोडणारं, लावायचंच नाही. ओठावर ताप-फोड उठलेली असेल तर सरळ पुढची तारीख दे.

सावळी
डागांचं कोणी बोललंच नाही. त्वचेचे डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेचे प्रकार मांडायला सुरुवात केली ती उन्हाने त्वचा भाजते की काळवंडते, यावरून. आजच्या तक्त्यातल्या चौथ्यापासून सहाव्या प्रकारापर्यंत, म्हणजे गव्हाळ-सावळ्यापासून काळ्या त्वचेपर्यंत, दाबलेला प्रत्येक फोड मागे काळा डाग ठेवू शकतो. म्हणून मी विचारते, "मुरूम गेल्यावर डाग किती दिवस राहतो?" महिनोन्महिने म्हणाली की ब्लॅकहेड काढतानाही हात हलका. गालावर वांग असतील तर जास्त गरम स्टीम टाळते, उष्णतेने ते गडद होऊ शकतात.

शिकाऊ_पार्लरवाली
बापरे, तिरक्या लॅम्पचं आजच करून बघते. पण टोनर ताई, बाई फेशियलसाठीच आलेली असते. तिला "आज नाही" कसं म्हणायचं? ती दुसरीकडे जाईल ना!

कापूस_आणि_टोनर
जाईल एखादी. जाऊ दे. तिच्या हातात आरसा दे, लाल जागा दाखव आणि म्हण, "इथे आज स्टीम दिली तर उद्या सुजेल." पुढे स्टेरॉइडचा संशय नसेल तर नुसतं हलकं क्लीन्झिंग आणि सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावून दे, रिकामी पाठवू नकोस. नवीन प्रॉडक्ट असेल तर त्याच भेटीत कानामागे थेंबभर लाव आणि "खाज आली तर धुवून टाक, उद्या फोन कर" म्हण. कार्डावर क्रीमचं नाव आणि तारीख लिही. पुढच्या वेळी तुझ्या जागी दुसरी मुलगी असली तरी तिला कळेल.

बडबडी
टिश्यूवालं मागे घेते. तिरका लॅम्प मी पण करून बघणार.