मदत हवी आहे: जुन्या एमएम ५४० मध्ये कोणतं डिझेल इंजिन बसवावं?

कातळकडा

गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, १९८९ची. मूळ प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिन, चार गिअरचा बॉक्स, डी-१८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), टायर २३५/७५ आर १५.

इंजिन गरम झालं की ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, ऑइल पितं, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जातो. डिझेलचा पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून झालेत. वापर म्हणजे मुळशी-मावळातले कच्चे रस्ते, पावसाळ्यात चिखल, आणि पुण्याहून तिथवरचा डांबरी रस्ता. ताशी ८० ने आरामात चालली तरी पुष्कळ.

समोर चार पर्याय आहेत: आहे तेच इंजिन उघडून पूर्ण करणं, प्यूजोचंच मोठं एक्सडी३पी, महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय टर्बो (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं), किंवा २.५ सीआरडीई (कॉमन रेलचं, कॉम्प्युटरवर चालणारं). गॅरेजवाला सीआरडीई म्हणतोय. काय करावं?

पाना_१४_१५

इंजिनाआधी डिफचा (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचा) रेशो सांगा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते. त्याशिवाय इथला कोणताही सल्ला हवेतला.

मोजायची रीत सोपी आहे. पुढच्या चाकांना उटी (अडवायचे दगड) लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, फोर व्हील काढलेलं, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा (शाफ्टवर खडूची खूण करा). एक चाक थांबलेलं असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा (डिफमधल्या मोठ्या गिअरचा) एक. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त आलं तर ५.३८, पाचाला जरा कमी तर ४.८८, सव्वाचारच्या आसपास आलं तर ४.२७.

डिझेल_जुनं

तोवर तुमच्या यादीतल्या इंजिनांबद्दल. जाहिरातीतला बीएचपी बाजूला ठेवा, बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) बघा.

एक्सडीपी ४.९०: ९० × ८३ मिमी, २११२ सीसी. ६२ बीएचपी येतात, पण ४५०० आरपीएमला. टॉर्क (पिळायची ताकद) १२० एनएमच्या घरात.
एक्सडी३पी: ९४ × ९० मिमी, २४९८ सीसी. घराणं तेच, नुसतं अंगाने भरलेलं.
डीआय: ८८.९ × १०१.६ मिमी, २५२३ सीसी. म्हणजे साडेतीन इंच बाय चार इंच, इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या वंशातलं. थार डीआयमधल्या टर्बो रूपात ६३ बीएचपी आणि १८२.५ एनएम, तेही १५०० ते १८०० आरपीएमला.

६२ आणि ६३ बीएचपी कागदावर जुळी भावंडं वाटतात, पण गाडीत स्वभाव अगदी उलटे. एक्सडीपीला पिळावं लागतं. डीआय खालीच ओढतं आणि ३२०० आरपीएमला संपतं. दगडांवरून, चिखलातून रांगायला डीआयसारखं सुख नाही. हायवेला मात्र गव्हर्नर (इंजिनाचे फेरे रोखणारा भाग) आडवा येतो.

कातळकडा

मोजलं. पाच फेरे आणि तिसऱ्या हिश्श्याला थोडं वर. म्हणजे ५.३८ ना?

पाना_१४_१५

हो, ५.३८. आता हिशोब करा. तुमचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२५ मीटर जातो आणि चौथा गिअर डायरेक्ट (१:१). ३२०० आरपीएमला ३२०० ÷ ५.३८ × २.२५, म्हणजे मिनिटाला साधारण १३४० मीटर. ताशी ८० किमी. तुम्हाला जिथे आरामात चालायचंय, तिथे डीआय शेवटच्या श्वासावर असेल. आराम हवा तर ६५-७० वर राहावं लागेल.

डीआय घालायचंच तर ४.२७ चं क्राउन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) घाला, पुढे आणि मागे दोन्हीकडे. एकीकडे ५.३८ आणि दुसरीकडे ४.२७ ठेवून फोर व्हील टाकलंत तर ट्रान्सफर केस किंवा जॉइंट, काहीतरी तुटणारच. ४.२७ ला ८० वर इंजिन २५३० च्या आसपास फिरेल. रांगण्याची ताकद जाईल अशी भीती नको: रेशोमुळे वीस टक्के घटतं, पण टॉर्क दीडपट आहे, म्हणजे चाकाशी तरीही पाचवा हिस्सा जास्तच.

डिझेल_जुनं

हिशोब बरोबर, पण खर्चाची शेपटी वाढत जाते. डीआयचं बेल हाउजिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) तुमच्या बॉक्सला बसत नाही. अ‍ॅडॉप्टर प्लेट करून घ्यावी लागते आणि प्लेटच्या जाडीइतका इनपुट शाफ्ट मागे सरकतो. मग त्याचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बुशमध्ये (ते टोक धरणाऱ्या कड्यात) पुरेसं जात नाही. नवीन लांब बुश करावा लागतो, क्लच फोर्कची जागा बदलते. प्लेटचं मध्य चुकलं तर क्लच नीट सुटत नाही आणि बॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. लेथवाल्याकडून प्लेट आली की क्रँकवर डायल गेज लावून हाउजिंगचं भोक तपासा. काट्याची एकूण चाल ०.२५ मिमीच्या आत हवी. 'डोळ्याने सरळ दिसतंय' हे उत्तर घेऊ नका.

थारचा बॉक्स आणि ट्रान्सफर केस सकट उचलू असा विचार असेल तर लक्षात घ्या: डी-१८ चे पुढचे-मागचे दोन्ही आउटपुट एकाच बाजूला असतात, म्हणून तुमच्या मागच्या डिफचा गोळा मध्यात नाही, बाजूला आहे. मध्यात आउटपुट असलेली ट्रान्सफर केस आली की मागचा अख्खा अ‍ॅक्सल बदलायचा.

८० ने आरामात आणि कच्चा रस्ता, एवढंच हवं असेल तर माझं मत एक्सडी३पी. सिलिंडर अठरा टक्के मोठे, फिरायची पद्धत तुमच्या डिफला जुळणारी, कापाकापी सर्वात कमी. तरी जुन्या-नव्या फ्लायव्हीलचे दाते, सेल्फ आणि क्लच प्लेटच्या स्प्लाइन (आतल्या खाचा) समोरासमोर ठेवूनच उचला.

कातळकडा

आणि सीआरडीई? १०५ बीएचपी ऐकून मोह होतोय.

वायरिंग_भाऊ

मोह समजतो. थारचं सीआरडीई २४९८ सीसी, २४७ एनएम, म्हणजे तुमच्या बॉक्सला आज मिळतोय त्याच्या दुप्पट टॉर्क. दुसरं म्हणजे नुसतं इंजिन आणून भागत नाही. त्याच गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा), अ‍ॅक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरचा (चोरीविरोधी कुलपाचा) भाग आणि चावी, सगळं एकाच दात्या गाडीतून, म्हणजे इंजिन जिच्यातून काढलं तिच्यातून, हवं. यातलं एक जरी राहिलं तरी इंजिन सुरू होत नाही किंवा लिंप मोडमध्ये (ताकद कापलेल्या अवस्थेत) अडकतं. हार्नेस कापून आणलेला असेल तर हात लावू नका. कॉमन रेलला डिझेलमधलं पाणी सहन होत नाही, टाकी आतून गंजलेली असेल तर तीही बदलायची. मेकॅनिकल पंपाचं इंजिन एका वायरवर चालतं. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला तेच बरं.

आरसीबुक

सामान विकत घ्यायच्या आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत असं म्हटलंय. त्यामुळे आधी लेखी परवानगी, मग काम, मग आरसीवर नवा इंजिन नंबर आणि विमा कंपनीला कळवणं. एक्सडी३पी महिंद्रानेच जीपमध्ये दिलेलं असल्यामुळे अर्ज समजावणं सोपं जातं. सीआरडीईला ते जमेल असं धरून चालू नका. भंगारातून इंजिन घेताना जीएसटी बिल आणि दात्या गाडीच्या आरसीची प्रत मागा. नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला दिसला तर फुकटही घेऊ नका.

पाना_१४_१५

एक गोष्ट राहतेय: तापण्याचं कारण इंजिनच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. ते न शोधता एक्सडी३पी बसवलंत तर तेही तापेल, उलट उष्णता जास्तच. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून चिखल बसलाय का, फॅनचा श्राउड (भोवतालचं आवरण) जागेवर आहे का, आणि थर्मोस्टॅट कुणी काढून फेकलाय का, बघा. थर्मोस्टॅट बायपास (रेडिएटर टाळणारी वाट) बंद करणारा असेल तर तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं. कामाच्या वेळी रेडिएटरचा कोअर नळ्यांची एक ओळ जाड करून घ्या.

मग ग्लो प्लग काढून, इंजिन गरम असताना, डिझेल बंद करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही सारखेच खाली असतील तर बोअर-रिंगचं काम आहे. एकच बराच खाली असेल तर आधी हेड. या स्वर्ल चेंबरच्या हेडना व्हॉल्व्ह सीटच्या मधे भेग जायची सवय आहे. प्रेशर टेस्ट केल्याशिवाय दिसत नाही. आणणार त्या एक्सडी३पीच्या हेडचीही तीच टेस्ट करून घ्या.

डिझेल_जुनं

बसवताना ट्रान्सफर केसची जागा हलवू नका, म्हणजे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट तसेच राहतात. इंजिनाचं फाउंडेशन (बसवायचे ब्रॅकेट) वेल्ड करण्याआधी पुढचे पाटे पूर्ण दाबून ऑइल चेंबर आणि अ‍ॅक्सल यांच्यात किमान ४० मिमी राहतंय का बघा. उभ्या गाडीत ठीक दिसतं, पहिल्याच खड्ड्यात चेंबर फुटतं. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि डायनॅमो सोडवलेले असू द्या. ब्रेक बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंपासकटचा डायनॅमो इंजिनाबरोबरच मागा, डिझेलच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन विसरू नका.

पहिल्यांदा सुरू करताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढा, मग नोझलचे नट सैल ठेवून सेल्फ मारा, डिझेल फुटलं की आवळा. एअर फिल्टरचा पाइप काढलेला असू द्या आणि एक माणूस जाड फळी घेऊन तोंडाशी उभा करा. पंप पूर्ण डिझेल देत अडकला किंवा इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळायला लागलं तर चावी काढून काही होत नाही. हवा तोडली तरच थांबतं, आणि ती फळीने तोडायची, हाताने नाही.