भावाचं एमडीचं (मेफेड्रोन, नशेची पावडर) व्यसन, सिव्हिलला नेलं तर पोलीस केस होते का? (सोलापूर)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पूर्व भागात राहतो, आई विड्या वळते, धाकटा भाऊ २३ वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. रात्रपाळीला कुणीतरी "हे ओढ, झोप येणार नाही" म्हणून दिलं आणि तिथनं लागलं असं तो म्हणतो, खरंखोटं त्यालाच माहीत. २०२३ ला चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला तेव्हा पेपर वाचून आम्ही घरात च्च च्च करत बसलो होतो.

आता दोन-दोन दिवस झोपत नाही, मग दिवसभर मेल्यासारखा पडून. तोंडात काही नसताना जबडा चावत असतो. नाकातनं रक्त येतं, उशीला डाग असतात, आईला सांगतो ऊन लागलं आणि सोलापूरचं ऊन म्हटल्यावर तिलापण पटतं. परवा रात्री दोनला बघते तर आईनं भिजवून ठेवलेली विडीची पानं खिडकीच्या फटीत कोंबत बसलेला, "अक्का, बाहेरनं कोणतरी बघतंय". कारखान्यातनं पानं मोजून मिळतात, ती तूट आता आईच्याच मजुरीतनं जाणार.

मावशी म्हणते जाहिरातीतली पावडर चहातनं दे, कळणारपण नाही. एका खासगी केंद्राला फोन केला तर म्हणे पत्ता सांगा, गाडी पाठवतो, उचलून आणतो. मला नाही पटलं. सिव्हिलला न्यायचंय, पण डॉक्टर पोलिसांना कळवतात का? एकदा नाव लागलं की संपलंच ना सगळं.

गड्ड्यावरचा: ताई, ओपीडीत दाखवलं म्हणून केस होत नसते, पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असा कायदाच आहे. आणि एनडीपीएसमधे (अमली पदार्थांचा कायदा) कलम ६४अ बघा, थोडासा माल स्वतःच्या वापरासाठी सापडला आणि माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातनं सूट मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ती सूट काढूनपण घेतात. पण पोरगं स्वतःचा खर्च भागवायला दुसऱ्यांना विकायला लागलं असेल तर हे लागू नाही, बरेच जण त्याच वाटेनं जातात, तेवढं आधी नीट विचारा.

कडक भाकरी: चहातनं काहीही देऊ नका हो! आमच्या दिरांना दारूवरची गोळी अशीच न सांगता दिली, ते लग्नात प्यायले, चेहरा लालबुंद, बीपी पडलं, थेट आयसीयू. आणि ती दारूची गोळी, एमडी सोडवायला तसली गोळीच नाहीये, समुपदेशन आणि झोपेचं, संशयाचं जे काय असेल त्याचे उपचार करतात. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, आधी तुम्ही एकट्याच बोला. पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासूनचं. बंद केल्यावर सुरुवातीला फार उदास होतात, जीव नको वाटतो, तेव्हा एकटं ठेवू नका.

मी (धागाकर्ती): दोघांचे आभार. विकत नाही म्हणतोय, पण म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. व्यसनाचं नाव काढलं की उठून जातो, नाकाच्या डॉक्टरला दाखवू म्हटल्यावर मात्र तयार झालाय, सोमवारी जातोय. तिथनंच मानसोपचारच्या ओपीडीला पाठवतात का, का वेगळा केसपेपर काढावा लागतो? कुणाला माहीत असेल तर सांगा, कारण दुसऱ्या दिवशी तो परत येईल याची मला खात्री नाही.