गंजलेला बोल्ट आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

वडिलांची १९८७ची चेतक सहा वर्षं अंगणातल्या लिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. आपल्या संभाजीनगरची हवा कोरडी, म्हणून गंजाचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण त्याआधी वर्षानुवर्षं दर रविवारी बोअरच्या पाण्यानं गाडी धुवायची आमच्या घरची रीत. त्या खारट पाण्यानं गाडीच्या पोटाखाली जे करायचं ते करून ठेवलं होतं.

मागच्या रविवारी सायलेन्सर काढायला बसलो. बोल्ट हलेना. पान्याला पाईप चढवला. जरासा फिरला, मी खूश! मग हाताला एकदम रबर ओढल्यासारखं मऊ लागलं आणि टक्‌! डोकं पान्यात, बाकीचा बोल्ट इंजिनच्या केसिंगमध्ये, अगदी तोंडाशी सपाट. ते मऊ लागणं म्हणजे आटे सुटणं नव्हे, बोल्ट आतून ताणला जातोय, हे मला तुटल्यावर कळलं.

तुमच्याकडेही असे किस्से असणारच. गाडी कोणतीही चालेल. काय मोडलं, कसं निघालं, किती गेले, सगळं लिहा. फक्त ऐकीव नको, स्वतःच्या हाताचं सांगा.

परभणीचा जीपवाला
आमची जुनी जीप, डावं पुढचं चाक पंक्चर. मी आणि चुलत भाऊ, चार फुटी पाईप, दोघंही त्यावर उभे. एक स्टड, म्हणजे नट बसतो तो चाकाचा बोल्ट, तोडला, दुसऱ्यावर चढलो. शेजारच्या गॅरेजातले चाचा चहा पीत बघत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मियाँ, खोल नहीं रहे, कस रहे हो." जुन्या विलिस घराण्यातल्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून. स्टडच्या टोकाची घाण पुसली तर खाली इंग्रजी एल कोरलेला! बाकीचे चार नट चाचांनी एका हातानं काढले. पैसे घेतले नाहीत, पण अजून भेटले की विचारतात, "आज क्या कस रहे हो?"

लातूरहून, टँकरवाला
२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा माझा टँकर रात्रंदिवस चालू होता. पाण्याच्या टँकरचं बूड कधी कोरडं राहतच नाही. स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून तो ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडायला घेतले, तर नट आणि बोल्ट एकजीव झालेले. मिस्त्रीनं पाना हातातही धरला नाही, सरळ गॅस कटरनं कापले. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. तिथं जुना बोल्ट वाचवून करायचंय काय? यू-बोल्ट नवेच टाकायचे असतात. नवे टाकल्यावर थोडी गाडी पळवून पुन्हा आवळायचे, हे मात्र विसरू नका. मी विसरलो होतो. रेणापूरच्या अलीकडं ॲक्सलचं हाऊसिंग सरकून गाडी तिरपी चालायला लागली, तेव्हा आठवण झाली.

नांदेडची बाई, स्कूटीवाली
तुमच्या मानानं माझं प्रकरण चिल्लर आहे. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची झाली, माझी स्कूटी २००९ची. वेळ घेऊन गेले, तर बसवणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, जुने बोल्ट निघंना झालेत, काढून आणा." स्क्रूची खाच पार गुळगुळीत. घरी येऊन भावजींचं हॅक्सॉ ब्लेड घेतलं, कापडात गुंडाळून हातात धरलं, स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडली. जाड पेचकस आणि वर हातोडीचे दोन ठोके, एक निघाला. दुसरा सरळ कापलाच. दीड तास, एक नख आणि आमच्या ह्यांचे पाच सल्ले, एवढ्यावर भागलं.

वाळूजचा टूलरूमवाला
नंबरप्लेटचा स्क्रू काढणाऱ्या ताईंना नमस्कार. आता इझी-आउटबद्दल. तुटलेल्या बोल्टला मधोमध भोक पाडायचं, त्यात ते उलट्या पिळाचं हत्यार घालून फिरवायचं. पुस्तकात छान आहे. पण ज्या गंजानं अख्खा बोल्ट सोडला नाही, तो या काडीएवढ्या हत्याराला दाद देईल? ते आत तुटलं की खेळ संपला, कारण ते इतकं कडक केलेलं असतं की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. मित्राच्या बुलेटचा असाच तुकडा मी स्पार्क मशीनवर काढला. तेलात बुडवून तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या ठिणग्यांनी धातू कणाकणानं खायचा, आजूबाजूच्या ॲल्युमिनियमला धक्का नाही. काम झकास झालं. पण मशीनचं भाडं ऐकून मित्र महिनाभर बोलला नाही.

चेतकवाले, तुमचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आहे ना? मग इझी-आउटचं नावच काढू नका. वेल्डर गाठा.

बीडकर
ट्रॅक्टरच्या इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे नट. आमच्याकडं ऊसवाहतूक संपली की उन्हाळ्यात ही कामं निघतात. दोन रात्री डिझेल सोडून ठेवलं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं आटे आत ठासून बसतात, तेलाला शिरायला फटच मिळत नाही. म्हणून मामानं नट लाल होईस्तोवर तापवला, ज्योत बाजूला घेतली, जरा थांबून मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. मग एकदम सोडायचा नाही. थोडा ढिला, थोडा परत आवळ, पुन्हा ढिला. मी घाई करायला लागलो की मामा पाना काढून घ्यायचा. "काय करायलास? त्याला श्वास घेऊ दे की!"

आठ नट सुटले. नवव्याला मी शहाणपणा करून लालबुंद असताना वरून गंज सोडवायचा स्प्रे मारला. भडका! भुवया यायला दोन महिने लागले.

हिंगोलीहून
ब्रेक ऑइल टाकून बघू नका. बोल्ट तसाच राहतो, रंग मात्र उडतो. बाकी काही सांगत नाही.

धागाकर्ता, पुन्हा
वाळूजवाल्यांचं ऐकलं. चेतकची टाकी सीटखालीच असते, म्हणून आधी टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. वेल्डरनं तुटलेल्या तोंडावर एक नट ठेवला आणि त्याच्या भोकातून आत वेल्ड भरला. लोखंडाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळं केसिंग वाचलं. पहिला नट निसटून आला, दुसराही. तिसरा बसला. तो निवल्यावर हळूच पाना लावला, बीडच्या मामांसारखा मागं-पुढं. आधी बारीक कुरकुर ऐकू आली आणि तपकिरी भुकटी गळायला लागली. मग सगळा बोल्ट बाहेर. आटे शाबूत, आटे पाडायचा टॅप फिरवून साफ केले.

वेल्डरनं तीनशे घेतले. जाताना मागच्या चाकाकडं बघून विचारलं, "हे नट कधी खोलले होते?" तेव्हापासून ते डिझेलमध्ये भिजतायत. आज चौथा दिवस, अजून पाना लावलेला नाही.